रोबोकॉनला दिल्लीला जाताय? रोबोट सुटा करूनच न्या

रोबोकॉन म्हणजे इंजिनीअरिंग कॉलेजांची रोबोट बनवण्याची स्पर्धा. आम्हाला सीनिअर्सनी नेमकं उलट सांगितलं होतं. "जोडलेलाच न्या, तिथे जोडत बसायला वेळ मिळत नाही." ऐकलं, आणि जुलै 2024 मध्ये पाच फुटी लाकडी पेटी घेऊन आम्ही सात जण पुण्याहून निघालो.

स्लीपरच्या डब्यात 100 सेंटिमीटरपेक्षा लांब पेटी चालत नाही, थ्री एसीत तर 55. त्यामुळे आमची पेटी ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात गेली. आतून फोम आम्ही कमी लावला होता. दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनवर उघडून पाहिली तर आर-2 च्या, म्हणजे आमच्या दोनपैकी दुसऱ्या रोबोटच्या, एका चाकाचा शाफ्ट (आस) वाकलेला.

खरा मार बसला तो त्यानंतर. स्पर्धा होती ते त्यागराज स्टेडियम तिथून जेमतेम सात-आठ किलोमीटर. टेम्पोवाल्याने 1800 रुपये ठरवले आणि गेटवर पोचल्यावर पेटी उतरवायचे वेगळे, थांबल्याचे वेगळे करत 3500 मागितले. पेटी टेम्पोतच, नोंदणीची वेळ टळत चाललेली, शर्ट घामाने चिंब. दिले. हॉस्टेलवर दारोदार फिरून काढलेली वर्गणी होती ती. अजून आठवलं की डोकं तापतं.

हे सगळं टळलं असतं. निजामुद्दीनहून मेट्रोची पिंक लाइन थेट दिल्ली हाट–आयएनएला जाते आणि स्टेडियम तिथून जवळच आहे. मेट्रोत माणशी 25 किलो नेता येतं. त्या वर्षी स्पर्धेत दोन्ही रोबोट मिळून मर्यादाच 50 किलोची होती! चार पेट्या करा, चौघांनी उचला. पाने-पकडी आणि बॅटऱ्या मात्र ऑटोने पाठवा, मेट्रोच्या तपासणीत अडकू शकतात.

विमानाने येणाऱ्यांनी लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्यात, टोकांना टेप लावून. 4एस, म्हणजे चार सेलची, 5000 एमएएचची बॅटरी 74 वॉट-अवर भरते, ती चालते. 6एस, म्हणजे सहा सेलची, 5000 ची 111 होते. 100 च्या वर गेलं की विमान कंपनीची परवानगी लागते. आधीच काढा.

दुसरा धक्का दिव्यांचा. त्या वर्षी आर-2 ला स्वतःच लाल-निळे चेंडू ओळखून कणग्यांत टाकायचे होते आणि जांभळे टाळायचे होते. कॉलेजच्या ट्यूबलाइटखाली सगळं बरोबर चालायचं. स्टेडियमच्या प्रकाशात जांभळा त्याला लाल दिसू लागला. कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स बंद करा, आणि सरावाची वेळ मिळाली की आधी कॅमेऱ्याने कोणता रंग कुठून कुठवर धरायचा त्या मर्यादा बसवा, रोबोट पळवून बघणं नंतर. आम्ही उलट केलं आणि पहिला सामना तिथेच गेला.

रात्री दोन वाजेपर्यंत शाफ्ट ठोकून सरळ केला. दुसऱ्या सामन्यात, तीन मिनिटं संपायला काही सेकंद असताना, आर-2 ने एका कणगीत आमचा तिसरा चेंडू टाकला. आम्ही सातही जण ओरडत होतो. सामना हरलो होतो, तरीही.

दिल्ली नंतर फिरलो, छान आहे. तुम्ही निघण्याआधी दोन जादा शाफ्ट लेथवर करून घ्या.