३/१२

बालगंधर्व कलादालनात आमचं चौघींचं प्रदर्शन होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ आले आणि माझ्या मंडईच्या चित्रासमोरून हलेचनात. हॉटेलांची सजावट करतात म्हणाले. "मॅडम, याच्या चाळीस कॉपी लागतील."

एक प्रत साडेतीन हजारांची. मनातल्या मनात गुणाकार झालाच: एक लाख चाळीस हजार. वर्षभराचा कागद, शाई आणि कामाच्या खोलीचं भाडं सुटलं असतं.

पण चाळीस होणारच नव्हत्या. चित्र आहे महात्मा फुले मंडईचं. १८८६ सालची ती इमारत, तिचं अष्टकोनी शिखर मला पहाटेच्या उजेडात पकडायचं होतं. रंग चार, पण ज्यावर चित्र कोरून ठसा करायचा तो लिनोचा, म्हणजे लिनोलियमच्या मऊ चादरीचा, तुकडा एकच. आधी सगळ्या कागदांवर फिका पिवळा छापायचा. मग जिथे पिवळा राहायला हवा तेवढा भाग कोरून काढायचा आणि उरलेल्यावर नारिंगी लावायचा. पुन्हा कोरायचं, विटकरी छापायचा; शेवटी काळा. रंगागणिक ठसा संपत जातो, मागे फिरता येत नाही. पिवळ्याच्या वेळी जितके कागद घेतले, त्याहून जास्त चित्रं कधीच निघत नाहीत. मी अठरा घेतले होते. सहा कागदांवर रंग सरकला, ते बाद केले. उरली बारा.

मी ठसा सोबत आणला होता, तो त्यांच्या हातात दिला. काळ्याच्या वेळच्या रेघा तेवढ्या शिल्लक होत्या. त्यांनी बोट फिरवून पाहिलं. "मग स्कॅन करून कॅनव्हासवर छापू. सही तेवढी तुम्ही करा."

"खाली बारा लिहिलंय."

"कोण मोजायला येतंय?"

मला तिसरी प्रत घेणारे काका आठवले. बसचे निवृत्त कंडक्टर. पहाटेच्या ड्युटीला ते मंडईतून चालत जायचे. तीन महिने हप्त्याने पैसे दिले त्यांनी. कोपऱ्यातल्या पेन्सिलीच्या आकड्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं होतं, "हे तीन भागिले बारा काय?" मी म्हटलं, "अशी जगात बाराच आहेत, त्यातलं हे तुमचं तिसरं." लगेच फोन लावून त्यांनी ते घरी सांगितलं, माझ्यासमोर.

मी त्या गृहस्थांना नाही म्हटलं. आवाज थरथरला, पण म्हटलं. आणि सांगितलं, "तुमच्यासाठी नवा ठसा कोरते. एकरंगी, चाळीस प्रतींचा. स्वस्तही पडेल." हे मी मनापासून बोलले. लिनोकट स्वस्त असावं, ते साध्या घरांच्या भिंतींवर जावं, असं मला फार वाटतं. चित्रकार चित्तप्रसाद अंधेरीत राहून लिनो कोरत. त्यांची ती काळी-पांढरी माणसं पाहिली की एका रंगात काय मावतं ते कळतं.

"कळवतो," म्हणून ते कार्ड घेऊन गेले. मैत्रीण रागावली. तिचंही खरं होतं, भाड्याची तारीख तिला ठाऊक होती. संध्याकाळपर्यंत माझी दोन लहान चित्रं गेली, सहाशेला एक.

घरी येऊन लिनोचा तुकडा इस्त्रीने जरा गरम केला, म्हणजे कोरणी मऊ चालते. कागदावरची मंडई त्यावर उलटी उतरवली, कारण छापताना सगळं उलटतं. पहाटेपर्यंत कांद्यांच्या गोण्या कोरून झाल्या होत्या.

त्यांचा फोन आला नाही. आवृत्ती मी चाळीसचीच ठेवली. परवा अकरावी प्रत गेली.