आमची वाटचाल: नाव बँडचं, की गाणाऱ्याचं?

हाताने पाट्या रंगवण्यापासून सुरू झालेलं आमचं दुकान आता ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळं, लोकनाट्याचे फड आणि कॉलेजच्या पोरांचे बँड यांचे फ्लेक्स, लेटरहेड, पावतीपुस्तकं आणि नावाच्या ट्रेडमार्क नोंदणीचे कागद, सगळं एकाच टेबलावर करतं. ही कामं आम्ही ठरवून वाढवली नाहीत. फ्लेक्सवरचं नाव बदलायला आलेल्या ग्रुपला पाठोपाठ पावतीपुस्तक बदलावं लागतं, मग बँकेचं खातं, मग करारनामा. आणि नाव बदलायचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: ज्याचं नाव बँडच्या नावात होतं, तो गायक निघून गेलेला असतो.

म्हणून नवीन ग्रुप आला की पहिलं बोलणं रंगसंगतीवर होत नाही, नावावर होतं. आमचं मत पक्कं आहे. गायकाचं नाव फ्लेक्सवर हवं तेवढं मोठं छापा, पण नोंदवायच्या नावात घालू नका. अपवाद एकच. वाद्यं, साउंड, गाडी हे सगळं गायकाच्या पैशाचं आहे आणि वादक दर कार्यक्रमाला ठरलेली बिदागी घेऊन घरी जातात, तर बँड त्याचाच आहे. तिथे त्याचंच नाव ठेवणं प्रामाणिकपणाचं. घोळ होतो तो मधल्या प्रकारात. चौघांनी सारखे पैसे घातलेत, आणि नाव मात्र एकाचं.

लोक गायकाचं नाव का घालतात, याला कारण आहे आणि ते खोटं नाही. सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं, नावावर मिळते. नारायणगावला जत्रांच्या हंगामाआधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी तिथे येऊन फड ठरवतात. राहुटीवरचा बोर्ड हीच त्या फडाची जाहिरात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या एका नावात बाईंचं नाव, बापाचं नाव आणि गाव तिन्ही आहे. सुपारी द्यायला आलेल्या माणसाला दुसरं काही विचारावं लागत नाही. दुसरं कारण म्हणजे चांगले शब्द संपलेत. सूर, स्वर, ताल, झंकार, संध्या यांच्या सगळ्या जोड्या कोणी ना कोणी वापरतोय, आणि नोंदणीला गेलं की अशा वर्णनात्मक नावावर हरकत येते. त्या मानाने गायकाचं नाव वेगळं उठून दिसतं.

तमाशाने यावर एक तोड काढलेली आहे, आणि आम्ही ती ऑर्केस्ट्रावाल्यांना सरळ उचलायला सांगतो. ती म्हणजे ‘सह’. ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’ हा बोर्ड महाराष्ट्रभर लोकांनी वाचलाय. एक नाव अलीकडे, एक पलीकडे, मध्ये दोन अक्षरं. ‘आणि पार्टी’ची गोष्ट वेगळी. ‘शाहीर साबळे आणि पार्टी’ म्हटलं की शाहीर कोण ते कळतं, पार्टीत कोण ते कळत नाही. शाहिरांच्या बाबतीत ते बरोबरच होतं, कारण पार्टी त्यांचीच. पण चार बरोबरीच्या वादकांना ‘आणि पार्टी’त कोंबलं की पुढचं भांडण त्या दिवशीच बुक झालं.

आमच्या शेजारच्या कवलापूरच्या काळू-बाळूंचं उदाहरण तर त्याहून शहाणपणाचं. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. काळू आणि बाळू ही त्यांनी वगात, म्हणजे तमाशातल्या नाटकात, रंगवलेल्या हवालदारांची नावं. तीच फडाची ओळख झाली. नाव भूमिकेचं असलं की पुढच्या पिढीला ते चालवता येतं. आणि 1944 साली निघालेल्या लालबावटा कलापथकात अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर असे तिघे गाजलेले शाहीर होते, तरी नावात एकही नव्हता. तिघांपैकी एकाचं घातलं असतं तर उरलेल्या दोघांचं काय, हा प्रश्नच तिथे उभा राहिला नाही.

इंग्रजी गाण्यांचे बँड करणारी पोरं आली की त्यांना त्यांच्या ओळखीचे दाखले द्यावे लागतात. अमेरिकेतल्या सुप्रीम्स या गायिकांच्या ग्रुपचं नाव 1967 मध्ये ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’ झालं. 1970 च्या जानेवारीत रॉस बाहेर पडली, आणि ग्रुप नवीन गायिका घेऊन जुन्याच नावावर 1977 पर्यंत गात राहिला. हे जमलं कारण ‘सुप्रीम्स’ हा तुकडा आधीपासून स्वतंत्र उभा होता. न्यूयॉर्कच्या ब्लाँडीचं उलटं झालं. ब्लाँडी म्हणजे सोनेरी केसांची. नावात गायिकेचं नाव नसूनही सोनेरी केसांची डेबी हॅरी म्हणजेच ब्लाँडी, असं लोक धरून चालले. शेवटी ‘ब्लाँडी हा ग्रुप आहे’ असे बिल्ले काढावे लागले. म्हणजे नुसतं नाव जपून भागत नाही, फोटोसुद्धा सगळ्यांचा हवा. दिल्लीच्या इंडियन ओशनचे गायक-तबलावादक असीम चक्रवर्ती 2009 मध्ये गेले, तरी बँड त्याच नावाने चालू राहिला. आणि सगळ्यात स्वच्छ नमुना क्वीनचा: ‘क्वीन + अ‍ॅडम लँबर्ट’. आधी संस्था, मग अधिकचं चिन्ह, मग गायक. त्याआधी त्याच जागी पॉल रॉजर्स होता. चिन्हाच्या उजवीकडचं बदललं, डावीकडचं नाही. आमचं ‘सह’ म्हणजे तेच अधिकचं चिन्ह.

आता फ्लेक्सकडे. नाव लांबलं की काय होतं ते गणिताने बघा. 10 बाय 4 फुटी फ्लेक्सची रुंदी 120 इंच. दोन्हीकडे 10-10 इंच सोडले की उरले 100. देवनागरी अक्षराची रुंदी, जोडाक्षरं-मात्रा धरून, उंचीच्या साधारण पाऊणपट बसते. ‘अमुकताई आणि तमुक म्युझिकल ग्रुप’ यात मोकळ्या जागा धरून 20 घरं होतात, म्हणजे एका अक्षराला 5 इंच रुंदी आणि उंची जेमतेम साडेसहा इंच. नुसतं ‘तमुक म्युझिकल’ घेतलं तर 8 घरं, उंची 16 इंच. पाटीवाल्यांचा जुना हिशेब असा, की 1 इंच अक्षर 10 फुटांवरून आरामात वाचता येतं. म्हणजे लांब नाव 65 फुटांवरून, छोटं 160 फुटांवरून. ताशी 40 किलोमीटरने जाणारी मोटारसायकल सेकंदाला 36 फूट तोडते. लांब नाव वाचायला तिच्यावरच्या माणसाला दोन सेकंदही मिळत नाहीत. उपाय सोपा. वरच्या ओळीत बँडचं नाव, खाली फोटोशेजारी ‘सह अमुकताई’. दुसऱ्या ओळीला स्वतःची रुंदी मिळाल्यामुळे ताईंचं नाव उलट आधीपेक्षा मोठं येतं. हे कागदावर काढून दाखवलं की गायक मंडळींचा अर्धा विरोध तिथेच मावळतो.

बेस ड्रमच्या पुढच्या हेडवर, म्हणजे ताणलेल्या पडद्यावर, गायकाचं नाव लावू नका, हे आम्ही जवळजवळ हात धरून सांगतो. 22 इंची हेड, त्यात कडेला माइकसाठी 4-5 इंचांचं भोक. मधली मोकळी पट्टी 12 ते 14 इंचांची. लांब नाव सरळ बसत नाही, कडेने गोल फिरवावं लागतं, आणि स्टेजवरचा प्रकाश पडला की ते वाचता येत नाही. पण खरी अडचण डिझाइनची नाही. ड्रमर पूर्ण कार्यक्रमभर त्या नावामागे बसलेला असतो आणि प्रत्येक फोटोत तो त्या नावाच्या पाठीमागे दिसतो. हेडवर चार-पाच अक्षरांचं बँडचं नाव किंवा नुसतं चिन्ह लावावं. स्टिकर लावताना हेड ताणून ट्यून केलेलं असावं. ढिल्या हेडवर लावलेला व्हिनाइल नंतर ताण दिला की कडेने उचकटतो.

पैशाकडे येऊ. नावात गायक असला की जत्रा कमिटी चेक सरळ त्याच्या वैयक्तिक नावाने फाडते. तो त्याच्या खात्यात जातो, आयकराच्या हिशेबात त्याचं उत्पन्न दिसतं, आणि बाकीच्यांचे हिस्से रोखीने देता-घेता मन कलुषित होतं. भागीदारीपत्र करून बँडच्या नावाचं चालू खातं काढा, आणि पावतीपुस्तकावर ‘चेक फक्त या नावाने’ हे वाक्य फिक्या करड्यात नको, ठळक काळ्यात छापून घ्या. दुसरी ओळ गैरहजेरीची. नाव गायकाचं, आणि त्या रात्री त्याचा घसा बसला, तर आयोजक ‘आम्ही त्यांनाच सुपारी दिली होती’ म्हणून ठरलेल्या मानधनाला कात्री लावतो. नाव बँडचं असेल तरी फ्लेक्सवर फोटो आहेच, तेव्हा ‘मुख्य गायक न आल्यास मानधनातून अमुक रक्कम वजा, कार्यक्रम मात्र होईल’ असा आकडा आधीच पावतीवर लिहावा. विसार घेतानाच ठरलेला आकडा दोघांनाही पटतो. मध्यरात्री स्टेजमागे ठरवलेला कुणालाच नाही.

ट्रेडमार्क नोंदणीत सगळ्यात जास्त गैरसमज. तिथे प्रत्येक कामाचा वर्ग ठरलेला असतो. गाण्याचे कार्यक्रम 41 व्या वर्गात येतात; रेकॉर्डिंग 9 मध्ये, टी-शर्ट विकणार असाल तर 25. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर दर वर्गाला 4500 रुपये, नाहीतर 9000. भागीदारी संस्थेने आधी उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) केली तर अर्धे पैसे वाचतात. हे कुणी सांगत नाही. अर्ज ट्रेड मार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने विरोधाची मुदत, आणि नोंदणी अर्जाच्या तारखेपासून 10 वर्षं. नाव आधीपासून वापरात असल्याचं सांगायचं तर शपथपत्र आणि पुरावे लागतात, म्हणून जुनी फ्लेक्सची बिलं, तारखेच्या निमंत्रणपत्रिका, पावत्यांच्या स्थळप्रती फेकू नका.

ट्रेड मार्क कायदा 1999 मधली दोन कलमं गायकाच्या नावाला थेट लागतात. कलम 14 प्रमाणे हयात माणसाशी, किंवा अर्जाआधीच्या 20 वर्षांत वारलेल्या माणसाशी खोटा संबंध सुचवणारं नाव असेल तर निबंधक त्याची किंवा वारसांची लेखी संमती मागू शकतात. संमती मिळाली तरी पुढे कलम 35 आहे: स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला नोंदणीचा मालक अडवू शकत नाही. म्हणजे पैसे भरून तुम्ही कुलूप घेतलंत, आणि एक किल्ली कायमची गायकाच्या खिशात. ‘तमुक’ या शब्दाबाबत हा प्रश्न येत नाही.

अर्ज कुणाच्या नावाने जातो तेही बघा. कायदा भागीदारी संस्थेला वेगळी व्यक्ती मानत नाही, म्हणून अर्जात सगळ्या भागीदारांची नावं लागतात. घाईत ज्याच्याकडे पॅन आणि ईमेल तयार असतो, तोच व्यक्ती म्हणून अर्ज भरून टाकतो. झालं, नाव त्याचं. पुढे भागीदार बदलला तर टीएम-पी हा फॉर्म भरून नोंदीत बदल करून घ्यायचा. नुसतं आपापसातलं विसर्जनपत्र रजिस्ट्रीला कळत नाही.

करारात आम्ही ‘सह’च्या दोन्ही बाजू वेगळ्या लिहितो. डावीकडचं नाव संस्थेचं, कोणी गेला तरी तिथेच राहणार. उजवीकडचं गायकाचं, तो गेला की 30 दिवसांत फ्लेक्स, पावत्या, रिक्षावरचे स्टिकर यांवरून निघणार. आधी घेतलेल्या सुपाऱ्या गायकाने पूर्ण करायच्या, किंवा आयोजकाला लेखी कळवून बदली द्यायचा. बाहेर पडल्यावर त्याला ‘पूर्वीचा तमुक म्युझिकलचा गायक’ असं लिहायची मुभा ठेवावी, पण अक्षरांचा आकार त्याच्या स्वतःच्या नावाच्या निम्म्याहून मोठा नको. ही आकाराची अट हास्यास्पद वाटते, पण ती नसली की ‘तमुक म्युझिकल’ भलंमोठं येतं आणि ‘पूर्वीचा’ हा शब्द मुंगीएवढा होतो.

आणि फ्लेक्सवरचा मोबाइल नंबर. लोक नाव विसरतात, नंबर सेव्ह केलेला असतो. तो गायकाच्या वैयक्तिक सिमचा असेल तर नाव कितीही बँडचं असो, पुढच्या वर्षीची सुपारी त्याच्याकडेच जाणार. वेगळं सिम घ्या, संस्थेच्या कागदांवर. यूट्यूब चॅनलही एकाच्या जीमेलवर न काढता ब्रँड अकाउंटवर काढा आणि दोन मालक जोडा. नवीन जोडलेल्या माणसाला मुख्य मालक करायला सात दिवस थांबावं लागतं, तेव्हा हे काम भांडणाआधी उरकायचं. नाव पक्कं झालं की आम्ही आधी सिमची पावती मागतो, फ्लेक्सचा प्रूफ त्यानंतर देतो.