स्वसंरक्षणासाठी काडतूस निवडताना : माझा अनुभव

परवाना झाला, पिस्तूल आलं, हाताळणीचं प्रशिक्षणही पार पडलं. मग प्रश्न उरला, यात भरायचं काय? ९ एमएमचं काडतूस म्हणायला एकच, पण खोक्यांवर ११५, १२४, १४७ ग्रेन (हे गोळीचं वजन), फुल मेटल जॅकेट (धातूच्या आवरणाने मढवलेली), होलो पॉइंट (पोकळ तोंडाची, आत शिरल्यावर फुलणारी), प्लस पी (जास्त दाबाची) अशी इतकी बिरुदं की डोकं गरगरतं. विचारायला जावं तर प्रत्येकाचं मत ठाम. कुणी म्हणे ९ एमएम पुरे. कुणी म्हणे त्याहून जाड पॉइंट ४५ शिवाय बोलायचंच नाही, एका गोळीत माणूस मागे उडून पडतो.

हे उडून पडण्याचं प्रकरण मी आधी कागदावर सोडवून पाहिलं. १२४ ग्रेनची गोळी म्हणजे साधारण ८ ग्रॅम, वेग सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास. हा सगळा संवेग ७५ किलोच्या माणसाला दिला, तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला चार सेंटिमीटरही भरत नाही. पॉइंट ४५ घेतली तरी उत्तर फारसं हलत नाही. तसं नसतं तर झाडणाराही प्रत्येक वेळी उताणा पडला असता. मग माणूस थांबतो कशाने? एक तर गोळी मेंदूला किंवा मज्जारज्जूला लागल्याने, नाहीतर रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळल्याने. आणि अर्थात पुष्कळदा घाबरून, पण त्याचा भरवसा धरता येत नाही. एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेच्या १९८९ च्या एका टिपणात असं म्हटलंय की हृदय निकामी झालं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल एवढा प्राणवायू शिल्लक असतो. तेवढा वेळ माणूस ठरवून हालचाल करू शकतो. हे वाचल्यावर ‘एका गोळीत काम’ ही भाषा माझ्या डोक्यातून गेली.

ते टिपण ज्या घटनेमुळे लिहिलं गेलं, ती मात्र मुळातून समजून घेण्यासारखी आहे. ११ एप्रिल १९८६, मायामी. दोन सशस्त्र दरोडेखोर आणि एफबीआयचे एजंट यांच्यात चकमक झाली. त्यात दोन एजंट ठार आणि पाच जखमी झाले. दरोडेखोरांपैकी मायकेल प्लॅट याला सुरुवातीलाच ९ एमएमची होलो पॉइंट गोळी दंडात लागली. दंडातून आरपार जाऊन ती छातीत शिरली, फुप्फुस फोडलं, आणि हृदयापासून जेमतेम इंचभर अलीकडे थांबली. जखम जीवघेणीच होती, पण प्लॅट त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला आणि दोघा एजंटांचा जीव घेतला. गोळी जशी बनवली होती तशीच फुलली होती. कमी पडली ती खोली.

पुढे एफबीआयने चाचणीची पद्धत ठरवली. शरीरातल्या मऊ ऊतींच्या जागी धरलेल्या दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ इंच गेली पाहिजे आणि १८ इंचांपलीकडे जाऊ नये, म्हणजे ३० ते ४५ सेंटिमीटर. माणसाची छाती तेवढी जाड नसते, मग १२ इंच कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण समोरचा छाती काढून सरळ उभा राहत नाही. तो तिरका असतो, त्याचे हात पुढे असतात, अंगावर जाड कपडे असतात. प्लॅटच्या दंडाचं उदाहरण समोर होतंच.

आमच्या नेमबाजीच्या रेंजवरचे एक प्रशिक्षक असे ठोकळे स्वतः बनवतात. मी त्यांच्या हाताखाली लागलो. वजनाने एक भाग जिलेटिन आणि नऊ भाग पाणी. पाणी फार तापवलं तर जिलेटिनचा जोर जातो, म्हणून थर्मामीटर धरून बसावं लागतं. मग ठोकळा ४ अंश सेल्सियसला थंड करायचा. एवढं करून लगेच गोळी झाडायची नाही. आधी एअरगनमधून ४.५ मिलिमीटरचा पोलादी छर्रा सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने मारायचा. तो साडेआठ सेंटिमीटर, फार तर एक सेंटिमीटर इकडेतिकडे, इतकाच आत गेला तर ठोकळा बरोबर. व्हिडिओंमध्ये दिसणारे काचेसारखे पारदर्शक ठोकळे बहुधा कृत्रिम जेलचे असतात. त्यांतले आकडे या आकड्यांशी थेट ताडून पाहता येत नाहीत, हे मला तिथेच समजलं.

जाड कपड्यांच्या जागी ठोकळ्यापुढे डेनिमचे चार थर लावले आणि माझ्याच पिस्तुलातून झाडलं. हे महत्त्वाचं, कारण माझ्या पिस्तुलाची नळी आखूड आहे. खोक्यावर छापलेला वेग लांब नळीतून मोजलेला असतो, आणि वेगमापकावर माझा आकडा त्याहून ठळकपणे कमी आला. पहिली होलो पॉइंट गोळी कापून बाहेर काढली तेव्हा तिचं तांब्याचं आवरण सहा पाकळ्यांत उलगडलं होतं आणि मधल्या शिशात निळे धागे अडकले होते. मी हरखलो. प्रशिक्षक म्हणाले, “अहो, फुललेली दिसली म्हणून खूश होऊ नका, आधी पट्टी लावा.” पट्टी लावली, चौदा इंच. दुसऱ्या कंपनीच्या गोळीच्या तोंडात डेनिमचा बोळा घट्ट बसला होता. ती फुललीच नाही, साध्या गोळीसारखी पहिल्या ठोकळ्यातून पार होऊन मागच्यात जाऊन थांबली. फुल मेटल जॅकेटनेही तेच केलं. स्वसंरक्षणात ही पार जाणारी गोळी म्हणजे पलीकडच्या निरपराध माणसाला धोका, आणि अनेक देशांत पोलीस होलो पॉइंट वापरतात त्याचं एक मोठं कारण हेच.

झाडताना ठोकळा क्षणभर फुग्यासारखा फुगतो. ते दृश्य फार फसवं आहे. ही तात्पुरती पोकळी रायफलच्या वेगाला खरंच ऊती फाडते. पिस्तुलाच्या वेगाला मात्र स्नायू, फुप्फुस अशा लवचीक ऊती ताणल्या जाऊन पुन्हा जागेवर येतात. लष्करी शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी यावर आयुष्यभर काम केलं. उरतो तो गोळीच्या वाटेतला कायमचा चिरडलेला मार्ग, तेवढाच हिशेबात धरायचा.

कॅलिबरचा, म्हणजे गोळीच्या व्यासाचा, वाद मी तिथेच सोडला. मायामीनंतर आधी १० एमएम, मग पॉइंट ४० कडे वळलेल्या एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने २०१४ मध्ये पुन्हा ९ एमएमची शिफारस केली. चांगल्या आधुनिक गोळ्यांत कॅलिबरनुसार जखमेत फारसा फरक उरत नाही, आणि ९ एमएमने नेम लवकर व नीट लागतो, असा त्यांचा युक्तिवाद होता.

एक गोष्ट कायद्याची. फुलणाऱ्या गोळ्या १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात वर्ज्य ठरवल्या. त्या वादात कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यातली गोळीच गाजली होती. तो जाहीरनामा युद्धापुरता आहे, पण काही देशांत नागरिकांनाही होलो पॉइंट बाळगता येत नाही. तेव्हा खोकं घेण्याआधी आपल्या परवान्यात आणि कायद्यात काय बसतं ते पाहणं आलंच.

जिलेटिनमध्ये पास झालेली दोन प्रकारची काडतुसं उरली होती. त्यातलं एक माझ्या पिस्तुलाला मानवेना. होलो पॉइंटचं तोंड रुंद, त्यामुळे मॅगझीनमधून चेंबरकडे, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेकडे, चढताना मधल्या उतारावर ठेचकाळायचं. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, अर्धवट उघडी राहायची. काढून पाहिलं तर गोळीच्या ओठावर चंद्रकोरीसारखा चिमटा. मॅगझीन बदललं, पकड बदलली, तरी अधूनमधून तेच. ते बाद. दुसरं मात्र खोक्यांमागून खोकी न अडखळता चाललं. एका हाताने आणि डाव्या हातानेही झाडून पाहिलं. गोळ्या नेमाच्या जागीच लागत होत्या; वजन बदललं की लागण्याची जागा किंचित वरखाली होते, म्हणून तेही तपासलं.

एक सवय लागली ती काडतुसाच्या लांबीवर नजर ठेवण्याची. पिस्तूल पुन्हा पुन्हा रिकामं करून तेच काडतूस चेंबरमध्ये चढवलं, तर आपटून आपटून गोळी पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात) आत सरकते आणि झाडताना दाब धोकादायक वाढतो. मी ते नव्या काडतुसाशेजारी उभं करून बघतो. आखूड दिसलं की वेगळं काढतो, झाडत नाही. बाकीची ठरावीक काळाने रेंजवर संपवून नवी भरतो, आणि सरावाला त्याच वजनाची साधी, स्वस्त गोळी वापरतो.