मटणाच्या ॲलर्जीची रक्ततपासणी : माझा अनुभव

रात्री तांबडा-पांढरा ओरपायचा आणि दीड-दोनला अंगभर गांध्या उठून जाग यायची. मध्ये एवढा वेळ जायचा की मटणावर संशयच येईना. घरचे मसाल्याला दोष देत. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी मात्र विचारलं, "गोचीड चावली होती का?" शाहूवाडीला गोठ्यात चावलेली. गोचिडीच्या चाव्यानंतर काहींचं शरीर अल्फा-गॅल या साखरेविरुद्ध आयजीई (ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडं) तयार करतं. ही साखर बकऱ्या-मेंढ्यांच्या मांसात असते आणि त्रास 2 ते 6 तासांनी सुरू होतो.

चिठ्ठीवर 'अल्फा-गॅल स्पेसिफिक आयजीई' असं स्वच्छ लिहिलं होतं. लॅबच्या काउंटरवर ते नाव सापडलं नाही, म्हणून सरळ 'टोटल आयजीई'ची पावती केली. "एकच असतंय की सर!" एक नसतं. टोटल आयजीई दम्याने वाढतो, जंतांनी वाढतो. मटणाचं त्यातून काही कळत नाही. पैसे परत मागितले तर फूड पॅनेल, म्हणजे बऱ्याच पदार्थांची एकत्र ॲलर्जी तपासणी, पुढं केलं, "ह्यात मटण हाय बघा." अहो, त्यात मटणातल्या प्रथिनांची तपासणी असते, अल्फा-गॅल वेगळी मागावी लागते! मागे रांग, आणि मी उभ्याउभ्या हे समजावतोय. शेवटी डॉक्टरांनाच फोन लावून दिला. मग मॅनेजरनी मुंबईच्या मुख्य लॅबची यादी उघडली, तर तपासणी तिथे होतीच. ही उशिरा येणारी ॲलर्जी जगासमोर आली तीच 2009 च्या सुमारास, त्यामुळे माहीत नसणं मी समजू शकतो. पण डॉक्टरांनी लिहिलेली तपासणी परस्पर बदलायची? याचा राग अजून गेलेला नाही. पैसे भरण्याआधी पावतीवरचं नाव चिठ्ठीशी ताडून बघाच.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि खरं सांगतो, हायसं वाटलं. साधारण 0.1 च्या वरचा आकडा पॉझिटिव्ह धरतात, पण तेवढ्याने निदान होत नाही. आकडा असूनही मटण पचवणारे असतात. म्हणून कधी खाल्लं, गांध्या कधी उठल्या हे लिहून न्या. डॉक्टरांनी आधी तेच पाहिलं.

उपाशी जायची गरज नाही. गांध्यांवरची ॲलर्जीची गोळी (अँटीहिस्टामिन) चालू असली तरी या रक्ततपासणीला फरक पडत नाही. त्वचेवरच्या चाचणीआधी मात्र डॉक्टरांना विचारून बंद करावी लागते. चिकन, मासे चालतात. औषधांच्या कॅप्सूलचं जिलेटिन काहींना बाधतं, तेही विचारून घ्या. आणि गांध्यांबरोबर घसा आवळला किंवा दम लागला तर रिपोर्टची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.