फेल्टमची निळी पाटी आणि माँत्रोचा पुतळा

क्वीन या चौघांच्या ब्रिटिश रॉक बँडला स्पर्धेतलं ग्रॅमी एकदाही मिळालेलं नाही. नामांकनं मिळाली, पण ट्रॉफी दुसऱ्याच कुणाच्या हातात गेली. २०१८ मध्ये ग्रॅमीवाल्यांनी जीवनगौरव दिला, तोवर बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीला जाऊन २६ वर्षं झाली होती. म्हणून लंडनला मावसभावाकडे जायचं ठरलं तेव्हा मी राजवाडा आणि मेणाचे पुतळे बाजूला ठेवले. या चौघांना जे काही मानसन्मान मिळाले त्यांतलं प्रत्यक्ष जाऊन बघता येईल असं काय काय आहे, ते पाहायचं ठरवलं.

भाऊ लंडनच्या हाउन्स्लो भागात राहतो. त्याला म्हटलं, फ्रेडीचं घर बघायला फेल्टमला जायचंय. तो म्हणाला, "अरे, विमानतळाच्या वाटेवरचं गाव ते. मी इतकी वर्षं राहतोय, कुणी पाहुणा फेल्टम बघायला आलेला नाही." पण आला बरोबर, रविवार होता म्हणून.

फेल्टममध्ये खरोखरच बघण्यासारखं काही नाही. ग्लॅडस्टोन अव्हेन्यू ही एकमेकांना चिकटलेल्या घरांची गल्ली. दारात गाड्या, कचऱ्याचे डबे, आणि दर दोन-चार मिनिटांनी हीथ्रोवर उतरणारं विमान. २२ नंबरच्या घराच्या भिंतीवर इंग्लिश हेरिटेज ही संस्था नामवंतांच्या घरांवर लावते ती गोल निळी पाटी आहे. घरात लोक राहतात, त्यामुळे समोरच्या फुटपाथवरून बघायचं आणि आवाज न करता निघायचं. पाटीवर फ्रेडी मर्क्युरी हे नाव, खाली कंसात फ्रेड बलसारा, मग १९४६–१९९१, गायक आणि गीतकार.

कंसातलं ते बलसारा वाचून मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. झांझिबारमध्ये जन्मलेला फारोख बलसारा शिकायला आला तो आपल्या पाचगणीला. सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहिला, तिथेच पियानो पक्का केला आणि १९५८ च्या सुमारास वर्गमित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढला. पसरणी घाट चढून आम्ही लहानपणी स्ट्रॉबेरी खायला जायचो त्या गावात हा मुलगा पियानो बडवत होता, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. झांझिबारमध्ये १९६४ साली क्रांती झाली, तेव्हा बलसारा कुटुंब जीव मुठीत धरून निघालं ते या गल्लीत येऊन थांबलं. इथून तो आधी आयलवर्थला आणि मग ईलिंगच्या कला महाविद्यालयात जायचा. काही काळ हीथ्रोवर सामान उचलायचं कामही त्याने केलं.

निळ्या पाटीचा नियम असा की माणूस जाऊन किमान २० वर्षं व्हावी लागतात. इथली पाटी लागली १ सप्टेंबर २०१६ ला. गिटारवाला ब्रायन मे आणि फ्रेडीची बहीण कश्मीरा अनावरणाला होते. मला विचाराल तर या बँडच्या सगळ्या मानांत हा सर्वांत नेमका. ट्रॉफीवर बँडचं नाव असतं, इथे घरचं आडनाव आहे.

संध्याकाळी भावाने कपाटातून एक डबी काढली. आत पाच पौंडांचं नाणं. सकाळी फेल्टमची टिंगल करणारा हाच माणूस! २०२० मध्ये रॉयल मिंटने, म्हणजे ब्रिटनच्या टांकसाळीने, क्वीनवर नाणं काढलं, ब्रिटिश बँडला असा मान पहिल्यांदाच मिळाला. त्यावर चेहरा एकाचाही नाही, फक्त चौघांची वाद्यं. डोळ्यांजवळ धरलं तर पियानोच्या काही पट्ट्या दाबलेल्या दिसतात, त्या त्यांच्या 'बोहेमियन रॅप्सडी' या गाण्याच्या सुरुवातीच्या सुरांच्या. शेजारी ब्रायन मेची ती गिटार, जी त्याने आणि त्याच्या वडिलांनी जुन्या फायरप्लेसचं लाकूड वापरून घरीच बनवली होती. डबीखाली एक टपाल तिकीटही होतं, १९९९ चं, फ्रेडीचं. त्यावरून तेव्हा कुरबुर झाली होती. ब्रिटिश तिकिटावर राजघराण्याबाहेरचा हयात माणूस छापायचा नाही असा संकेत, आणि फ्रेडीच्या मागे ड्रमवर बसलेला रॉजर टेलर दिसतो. भिंग लावल्याशिवाय सापडत नाही बिचारा. २०२० च्या तिकिटांवर मात्र अख्खा बँड आला.

दुसऱ्या दिवशी टॉटनम कोर्ट रोडला गेलो. स्टेशनातून वर आलं की समोरच डोमिनियन थिएटर. इथे १८ फेब्रुवारी १९९० ला क्वीनला ब्रिट या ब्रिटिश संगीत पुरस्कारांत विशेष योगदानाचा सन्मान मिळाला. भाषण ब्रायन मेने केलं. फ्रेडी खंगलेला, फिकट निळ्या सुटात मागे उभा, शेवटी माईकजवळ येऊन आभाराचे दोन शब्द बोलून बाजूला झाला. लोकांसमोरचं त्याचं ते शेवटचं येणं. पुढे याच थिएटरात क्वीनच्या गाण्यांवरचं संगीतनाटक २००२ ते २०१४ असं बारा वर्षं चाललं, आणि तेवढी वर्षं दारावर फ्रेडीचा भलामोठा सोनेरी पुतळा उभा होता. नाटक उतरलं, पुतळाही उतरला आणि रॉजर टेलरच्या बागेत जाऊन उभा राहिला. आता दारावर दुसऱ्याच नाटकाचं पोस्टर आहे. पाच मिनिटांत आम्ही तिथून निघालो.

त्या सोनेरी पुतळ्याचा मूळ अवतार स्वित्झर्लंडमध्ये आहे. जिनिव्हाहून माँत्रोला रेल्वेने साधारण एक तास. जाताना उजवीकडच्या खिडकीत बसा. लोझान सुटलं की डावीकडे लाव्होचे द्राक्षमळे पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातात, उजवीकडे सरोवर आणि पलीकडे फ्रान्सचे डोंगर.

पुतळा बाजारचौकात, अगदी पाण्याच्या काठाला. तीन मीटरचा, कांस्याचा, चेक शिल्पकार इरेना सेडलेत्स्का यांनी घडवलेला. उजवी मूठ आकाशाकडे, डाव्या हातात ते अर्धंच माईक स्टँड. लंडनमध्ये जागा मिळवायचे प्रयत्न झाले, जमलं नाही. शेवटी २५ नोव्हेंबर १९९६ ला इथे अनावरण झालं आणि ते केलं ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांनी. मी गेलो तेव्हा पायथ्याशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फुलं, पावसाने शाई फुटलेली दोन पत्रं आणि एक पिवळी खेळण्यातली मोटार होती. एक पोलिश जोडपं आळीपाळीने मूठ वर करून फोटो काढत होतं. मग त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि मी त्यांचा काढला. नंतर मीही मूठ वर केली, खोटं कशाला बोलू.

खरी मौज मात्र तिथून थोडं चालत गेल्यावर, कसिनोत आहे. जुगाराची यंत्रं ओलांडून आत गेलं की माउंटन स्टुडिओची जागा. जुना कसिनो डिसेंबर १९७१ मध्ये एका कार्यक्रमात आग लागून जळाला, नव्या इमारतीत हा स्टुडिओ झाला, आणि १९७९ मध्ये क्वीनने तो विकतच घेतला. गायक डेव्हिड बोवीबरोबरचं 'अंडर प्रेशर' हे गाणं १९८१ मध्ये इथेच झालं. २०१३ पासून इथे छोटं संग्रहालय आहे. तिकीट नाही, दानपेटी आहे, पैसे फ्रेडीच्या नावाने एड्सविरोधी काम करणाऱ्या मर्क्युरी फिनिक्स ट्रस्टला जातात. हाताने लिहिलेल्या ओळी, पोशाख, वाद्यं हे सगळं आहेच. पण आतल्या कंट्रोल रूममध्ये मिक्सिंगचा डेस्क आहे आणि त्याच्या पट्ट्या आपण सरकवू शकतो. मी 'मदर लव्ह' हे गाणं लावलं. ड्रम खाली नेले, गिटार खाली नेली, उरला नुसता आवाज. मे १९९१ मधला, फ्रेडीने ध्वनिमुद्रित केलेला शेवटचा. उभं राहणंही जड जात होतं तेव्हाचा, आणि तरी वरच्या पट्टीत कुठे कमी पडत नाही. मागे रांग लागली होती म्हणून उठावं लागलं.

बाहेरच्या बाकावर बसून हिशोब मांडला. २००१ मध्ये न्यूयॉर्कला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश झाला, तेव्हा फ्रेडीच्या वतीने व्यासपीठावर त्याची आई जेर बलसारा होती. ब्रायन मेला २०२३ मध्ये सर ही पदवी मिळाली. २०२५ मध्ये स्वीडनचं पोलार हे संगीत पारितोषिक आलं, ते घ्यायला तो आणि रॉजर गेले. बास गिटारवाला जॉन डीकन १९९७ पासून सगळ्यापासून लांब आहे. आणि हे कुठल्याही परीक्षकांनी दिलेलं नाही: 'ग्रेटेस्ट हिट्स' हा ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त विकला गेलेला अल्बम, २०२२ मध्ये त्याने ७० लाखांचा आकडा गाठला. ग्रॅमीचं मला वाईट वाटायचं, ते इथे आल्यावर वाटेनासं झालं. एखाद्या समितीने काय केलं नाही याचं दुःख आपण किती दिवस धरून बसायचं?

जाणाऱ्यांसाठी थोडं. फेल्टमला वॉटर्लूहून थेट लोकल आहे, अर्धा दिवस पुरतो, स्टेशनजवळ समोसे बरे मिळतात. माँत्रोला ५ सप्टेंबरच्या, म्हणजे फ्रेडीच्या वाढदिवसाच्या आसपास जाल तर जगभरचे चाहते जमलेले असतात. वातावरण झकास, पण हॉटेलांचे दर बघून डोळे पांढरे होतात. शुक्रवारी चौकात बाजार भरतो, तेव्हा पुतळ्याचा मोकळा फोटो विसरा. कसिनोच्या वेळा निघण्याआधी बघून घ्या. मुक्काम शेजारच्या वेव्हेला केलात तर खिशाला बरं पडतं, रेल्वेने काही मिनिटांचं अंतर. तिथेही सरोवराकाठी एक पुतळा आहे, चार्ली चॅप्लिनचा, आणि त्याच्याभोवती रांग नसते.