कढीलिंबावरच्या दोघी

५ जुलै
फोडणीसाठी कढीलिंब तोडायला गॅलरीत गेले, तर पानावर चिमणीची शीट. झटकायला बोट लावलं आणि शीट वळवळली. लेकीला हाक मारली. "आई, शी चालतेय!" म्हणत ती घरभर नाचली. अजून एक तशीच शेजारच्या फांदीवर. पक्ष्यांनी ढुंकूनही बघू नये म्हणून अळ्यांनी घेतलेलं सोंग!

गेल्या महिन्यात हॉलमध्ये मी हौसेने तिच्यासाठी 'निसर्गकोपरा' मांडला होता. टोपलीत शंख, रबरी बेडूक, कापडी सूर्यफूल. तिसऱ्या दिवशी तिने सगळं उपसून टोपलीत बाहुली झोपवली. तिचं बरोबरच होतं.

६ जुलै
एक अळी फांदीसकट आत आणली. फांदी पाण्याच्या बाटलीत, बाटलीच्या तोंडाला कापूस (नाहीतर अळी देठावरून उतरते आणि बुडते), वरून लेकीची तान्हेपणीची मच्छरदाणी. दुसरी झाडावरच ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "लोक घरातले किडे बाहेर टाकतात."

१४ जुलै
सोंग उतरलं. कात टाकून दोघीही पोपटी झाल्यात आणि रात्रंदिवस खातायत. बाजारातल्या जुडीवर काय फवारलं असेल कोण जाणे, म्हणून आतलीला रोज आमच्याच झाडाची नवी फांदी. झाड निम्मं बोडकं झालंय. आठवडाभर वरणात कढीलिंब नाही आणि गंमत म्हणजे कुरकुर फक्त नवऱ्याची. सासूबाई स्वतःच सकाळी ताजी फांदी बदलून कागदावरच्या लेंड्या झटकतात.

आज लेकीने अळीच्या पाठीला काडी लावली. डोक्यामागून सर्रकन दोन टोकांचं लाल शिंग बाहेर आलं आणि असा काही घाण वास सुटला की ही नाक धरून स्वयंपाकघरात पळाली. काडी परत उचलली नाही. मी "हात लावू नकोस" हे निदान पन्नास वेळा सांगितलं होतं.

१९ जुलै
काल आतली खायची थांबली, पातळ शी केली आणि जाळीभर भटकत राहिली. लेकीला वाटलं, तिचं पोट बिघडलंय. आज सकाळी बघतो तर काडीला हिरवा कोष, कमरेला रेशमाचा एकच धागा बांधून मागे रेललेला. झाडावरचीही कुंडीच्या काठाखाली कोष करून बसलीय.

२९ जुलै
रोजचा प्रश्न, "उठली का?" दहा दिवस एकच उत्तर देऊन माझाच धीर सुटत आला. तिचा नाही.

३० जुलै
दूध तापवत होते, तेवढ्यात किंचाळी. कोष फुटला होता आणि चुरगळलेल्या ओल्या चिंधीसारखं काहीतरी काडीला लोंबत होतं. खाली कागदावर तांबूस थेंब. "रक्त आलं!" रक्त नव्हे, कोषात असताना साठलेली घाण बाहेर टाकतात, हे समजावेपर्यंत पंख भरायलाही लागले होते. काळे पंख, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. कॉमन मॉर्मन, नर. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालेलं निलवंत याच्याच नात्यातलं, पण आमचं साधं, गल्लीबोळात दिसणारं. शाळा बुडवली. दोनेक तासांनी पावसाने उघडीप दिली तेव्हा मच्छरदाणी गॅलरीत नेऊन उघडली. ते आधी सासूबाईंच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर बसलं, मग गेलं.

२ ऑगस्ट
कुंडीखालचा कोष काळपट पडलाय. त्याला टाचणीने टोचावं तसं एक भोक. गांधीलमाशीच्या कुळातल्या, मुंगीहून बारीक माशा ताज्या कोषात अंडी घालतात. पिल्लं कोष आतून खातात आणि भोक पाडून उडून जातात. फुलपाखरू आधीच उडून गेलं, असं सांगायचं अगदी जिभेवर आलं होतं. पण भोक तिनेच पाहिलं होतं आणि त्यातून फुलपाखरू बाहेर पडणं शक्य नाही हे तिला कळत होतं. खरं तेच सांगितलं.

बराच वेळ ती उकिडवी बसून कोषाकडे बघत राहिली.
"हिला का नाही आणलं आत?"
"फांदी लहान होती ना."
"मोठी तोडायची."