ढग नाही, पाऊस नाही, तरी धबधबा

२१ मे, सातारा

आज सकाळी सकाळी दादाने कॅलिफोर्नियातून व्हिडिओ पाठवला, योसेमिटी फॉल्सचा. आईला दाखवला तर चष्मा वर सरकवून म्हणते, "आभाळ तर स्वच्छ दिसतंय, मग एवढं पाणी येतंय कुठनं?" प्रश्न बरोबरच आहे, आपल्याकडे वर धुकं, अंगावर पाऊस आणि हातात भिजलेलं कणीस असल्याशिवाय धबधबा बघितल्यासारखं वाटतच नाही.

तर ते सगळं बर्फाचं पाणी. हिवाळाभर वर डोंगरात साठलेलं, ऊन चढेल तसं सुटत जातं, त्यामुळे मे-जूनमध्ये त्याचा सगळ्यात जास्त जोर, म्हणजे नेमका आपला ठोसेघरचा धबधबा कोरडाठाक असतो तेव्हा! उंची ७३९ मीटर, तीन टप्प्यांत मिळून. अजिंक्यतारा शहरातून जेवढा वर दिसतो ना, त्याच्या दुपटीहून जास्त. आणि मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की बर्फाच्या पाण्याला दिवसाचं टायमिंग असतं, दुपारच्या उन्हात वितळलेलं पाणी ओढ्याओढ्यातून वाट काढत खाली यायला कितीतरी तास लागतात, म्हणून असे ओढे रात्रीकडे जास्त फुगतात. आपल्याकडे कसं, सर आली की पाणी लाल, उघडलं की तासाभरात निवांत.

पण एवढा मोठा धबधबा ऑगस्टपर्यंत बऱ्याचदा आटतो म्हणे. वरचा सगळा भाग उघडा ग्रॅनाइट, पाणी धरून ठेवायला मातीच फार नाही, बर्फ संपला की खेळ खलास. इथे मात्र मला आपल्या कासच्या सड्याचं, म्हणजे त्या खडकाळ पठाराचं कौतुक वाटलं, नुसता जांभा दगड पण चार महिन्यांचा पाऊस पोटात धरून हळूहळू सोडत बसतो, भांबवलीच्या वजराई धबधब्याला पावसाळा संपल्यावरही धार असते ती उगीच नाही. लोक कासला फक्त फुलांचे फोटो काढायला जातात, त्या दगडाकडे कोण बघतंय.

दादाला म्हटलं, तुझा आटला की ये, तेव्हा आमचे फुल्ल असतात. तर म्हणतो ऑगस्टमध्ये सुट्टी टाकतो. आईने लगेच बजावलं, "ये बाबा, पण रविवारी ठोसेघरला न्यायचं नाव काढू नको, पार्किंगलाच दोन तास जातात."